टक म्हटलं की थांब

३ तारीख, सोमवार

लिही. काय बघतेस? पेन उघड आणि लिही. तारीख तू घाल, मला वार पुरे.

आजपासून मी सांगणार आणि सून लिहिणार. या घरात कोण काय बोललं यावरून दुसऱ्या दिवशी भांडण होतं, आणि मला अक्षर येत नाही म्हणून माझी साक्ष कोणी धरत नाही. "आई, तुम्हाला नीट आठवत नाही," म्हणतात. मला सगळं आठवतं, त्यांची अडचण तीच आहे. सुनेला बजावलंय की बोलेन ते शब्दाला शब्द उतरवायचं, तुझ्याबद्दल असलं तरी. ती म्हणाली, "लिहीन. एक शब्द सोडणार नाही. मग नंतर म्हणू नका." ही धमकी झाली. तीही लिही.

खाली गॅरेज आहे, वर आम्ही राहतो. गॅरेज नवऱ्यानं उभं केलं. तो गेल्यावर ते माझ्या नावावर आलं आणि किल्ली माझ्या कमरेला आली. चालवतो थोरला. त्याला वाटतं, आईनं आता कागदावर आंगठा उठवावा आणि बाजूला व्हावं. धाकटी लेक मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडायची. तिथल्या साहेबाला काहीतरी झोंबणारं बोलली आणि हत्यारांची लाल पेटी घेऊन घरी आली. जीभ माझ्यावर गेलीय. तिला वाटतं, अर्धं गॅरेज तिचं. भाऊ-बहीण एकमेकांना पाण्यात पाहतात. एकाच जिन्यावर समोरासमोर आले तर जिनाच लाजून अरुंद होतो.

आज भोंगा आला. भोंगा म्हणजे टॅक्सीवाला. दार वाजवायच्या ऐवजी हॉर्न वाजवतो. त्याची टॅक्सी पांढरा धूर सोडत आली आणि आमच्या दारात मेली. धाकटीनं ऑइलचा दांडा ओढून भावाच्या नाकाखाली धरला. ऑइल कसलं, चहा झाला होता. म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरलं. इंजिनावरचं झाकण, त्याला हेड म्हणतात, आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. वरचे बोल्ट नीट आवळले तरच पाणी आणि ऑइल आपापल्या घरी राहतात. मेकॅनिकची बायको होते, एवढं कळतं.

हे हेड थोरल्यानंच बसवलं होतं. दुसऱ्यांदा गेलं.

भोंगा म्हणाला, "शेठ, गाडी उभी तर माझं घर उभं राहतं का? सांगा, चूक कुणाची?"

थोरला हात पुसत म्हणाला, "परवापर्यंत."

"मी काय विचारतोय आणि हा काय सांगतोय! आजी, तुम्ही ऐका. तिसऱ्यांदा असं झालं तर स्टँडवरची एक टॅक्सी इकडं फिरकणार नाही. मी बघतो कशी फिरकते ते."

आमचं पोट त्या स्टँडवर आहे. म्हणून मी तिथंच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की भोंग्याच्या टॅक्सीवर ज्याचं हेड टिकेल, त्याला किल्ली. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली राबायचं, नाहीतर चालतं व्हायचं.

धाकटीचा चेहरा उजळला. थोरला वर जायला निघाला. मग जिन्यात बायकोला विचारत होता, "आई काय म्हणाली?" जसं काही तो तिथं नव्हताच! मानभावी कुठला.

५ तारीख, बुधवार

आज इंजिन उघडलं. मी खुर्ची टाकून बसले होते. गॅरेजमध्ये माझी खुर्ची भिंतीला असते, तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठीला बोलणं सोपं जातं, पाठ उलटून बोलत नाही.

धाकटी म्हणाली, "दादा, इंजिन गार आहे का? गरम असताना हेड काढलं तर वाकडं होईल. अ‍ॅल्युमिनियम आहे."

तो म्हणाला, "चारच आहेत. पाचवा सिलिंडर कुठून आणू?"

मी इतकी हसले की खोकला लागला. धाकटी लाल झाली. पुढं ती गाडीखाली शिरली आणि हात बाहेर काढून म्हणाली, "पाना." हा गेला आणि ग्लासभर पाणी आणून तिच्या हातात ठेवलं. वर म्हणतो, "पी." असं ठेवणीतलं टोचून बोलणं त्याच्या बापालाही कधी जमलं नाही. मला वाटायचं हा मुलगा माझ्यावर गेला नाही. गेला आहे!

धाकटीनं पाणी जमिनीवर ओतलं. मग हेड काढून उजेडात धरलं आणि बोट ठेवून दाखवलं. बोल्टच्या डोक्याखाली धातू दबून खळगे पडले होते. "बघ. किती आवळलंस? हे लोखंड नाही दादा. लोखंड सोसतं, हे सोसत नाही. हे चेपतं. आणि खालचा ब्लॉकही ह्याच धातूचा आहे. बोल्टच्या भोकातले आटे निघाले की संपलं."

थोरला हेडकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी शिकवलंय. बोल्ट बोलला की थांबायचं. मी बोल्ट बोलला की थांबतो."

बोल्ट बोलतो म्हणजे शेवटी एक बारीक कुईं करतो. माझा नवरा डोळे मिटून तेवढ्यावर हात थांबवायचा. थोरलाही पूर्वी तसाच थांबायचा. अलीकडे त्याचे बोल्ट घुमे झालेत की काय, कोण जाणे. फार वेळ ओढत बसतो.

सून म्हणते, पाणी आणून देणं वाईट नव्हतं, प्रेमानं दिलं असेल. लिही, सून भोळी आहे. भोळी नको लिहूस, भाबडी लिही. दोन्ही लिहिलंस? बरं.

६ तारीख, गुरुवार

आज गॅरेज बंद, हेड लेथवाल्याकडे फेस मारायला गेलंय. म्हणजे वाकडी झालेली बाजू घासून सपाट करायला.

वर भांडण. थोरला रेडिओ एवढा मोठा लावतो की बातम्या सांगणारा माणूस आमच्याच घरात राहतो असं वाटावं. सून म्हणाली, "अहो, कमी करा." काही नाही. "अहो!" काही नाही. तिनं जाऊन बटण पिळलं. मग तो ओरडला, "तोंडानं सांगता येत नाही?"

सून रडली नाही. तिला रडायला लावायचं तर मीच लागते. पण संध्याकाळी लिहायला बसली तेव्हा म्हणाली, "आई, हे माझ्याशी बोलतच नाहीत. पाठमोरे असले की उत्तरच नाही. फोन वाजला की माझ्या हातात देतात, तूच बोल म्हणतात. मी काय केलं?"

मी म्हटलं, "मलाही उत्तर देत नाही. तो माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार? बापाचं पण शेवटी शेवटी ऐकत नव्हता."

शेवटच्या शब्दावर शाईचा ठिपका पडला म्हणते सून. पडू दे.

९ तारीख, रविवार

हेड परत आलं. आरशासारखं सपाट. धाकटीनं त्यावर पोलादी पट्टी उभी धरून उजेड गळतोय का पाहिलं, मग पट्टी तिरकी धरून पुन्हा पाहिलं. थोरला लांबून म्हणाला, "लग्नाला मुलगी बघतेस का?" मी म्हटलं, "तुझ्या वेळी एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं." सून चहा घेऊन मागेच उभी होती. लिहिलंस का हे? लिहिलंस. शाबास.

मग वाद लागला, आवळायचं कुणी? धाकटी म्हणाली मी, तो म्हणाला मी. मी न्याय केला: हात थोरल्याचा, पाना धाकटीचा. म्हणजे नंतर कुणाला पळवाट नको. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

धाकटीचा तो टॉर्क पाना लांब दांड्याचा. मुठीपाशी फिरवून आकडा लावायचा आणि टोकाची पोकळ गोटी बोल्टच्या डोक्यावर बसवून शांतपणे ओढायचं. ठरलेला जोर आला की पाना आतून टक म्हणतो. तिनं थोरल्याच्या अगदी तोंडासमोर उभं राहून एकेक शब्द तोडून सांगितलं, मंदबुद्धी माणसाला सांगावं तसं, "टक म्हटलं की थांब. टक म्हणेपर्यंत थांबू नकोस. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला. "टक म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"आणि मधल्यापासून सुरू. मग एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, असं बाहेर बाहेर. पहिल्या फेरीत सगळे हलके, दुसरीत थोडे जास्त, मग शेवटचं."

हे मला पटलं. एकीकडून एकदम दाबलं की दुसरीकडून वर येतं. घरात सून आल्यापासून मला हे माहीत आहे.

११ तारीख, मंगळवार

सावकाश लिही. आज एक शब्दही सुटता कामा नये.

सकाळी भोंगाही येऊन बसला, डब्यावर. कोपऱ्यात कॉम्प्रेसर घरघरत होता, त्याच्या हवेनं धाकटीनं बोल्टची भोकं फुंकून कोरडी केली होती. बोल्टच्या आट्यांना बोटानं तेलाचा थेंब लावला. नवीन गॅस्केट ठेवलं. हेड दोघांनी मिळून उतरवलं. तेवढ्यापुरते ते भाऊ-बहीण दिसले.

थोरल्यानं मधल्या बोल्टवर गोटी बसवली. आकडा पहिल्या फेरीचा, हलका. त्यानं दांडा ओढला.

टक.

बारीकच झालं, पण मी भिंतीशी बसून ऐकलं. या वयात. भोंग्यानं मान हलवली, म्हणजे त्यानंही ऐकलं. थोरला मात्र ओढतच राहिला.

"थांब," धाकटी म्हणाली. तो ओढत राहिला. "दादा, थांब! झालं! टक झालं!" तो ओढत राहिला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, शाळेतल्या मुलानं पाढा म्हणावा तसा. दांडा पुढं पुढं जात होता. धाकटी ओरडत धावली. तेवढ्यात बोल्ट कुईं नाही, चांगला कण्हला, आणि एकदम सैल फिरला. ब्लॉकमधले आटे निघाले होते. त्याच्या हातातला दांडा झोक्यासारखा हलला.

कॉम्प्रेसर कुणीतरी बंद केला. मग जे झालं ते सगळं लिहिण्याजोगं नाही. धाकटी म्हणाली, "मुद्दाम केलंस. माझा पाना खोटा पाडायला मुद्दाम केलंस. बाबांचं गॅरेज जाळलं असतंस तरी चाललं असतं तुला, माझ्या हातात गेलेलं नाही चालत!"

तो म्हणाला, "तुझा पाना मुका आहे. टकबिक काही झालं नाही."

"मी ऐकलं!" भोंगा म्हणाला.

"मीही ऐकलं," मी म्हटलं.

थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची आई आहे, त्याची सगळी तोंडं मला ठाऊक आहेत. खोटं बोलताना तो खाली बघतो. आज खाली बघितलं नाही. नेट लावून खोटं बोलायला शिकला. एवढं मोठं माणूस, सगळ्यांसमोर, आईच्या तोंडावर खोटं!

मी कमरेची किल्ली काढून धाकटीच्या पेटीवर आपटणार होते. गाठ सुटली नाही म्हणून राहिलं.

१२ तारीख, बुधवार

कुणी कुणाशी बोललं नाही. मी बोलले. दिवसभर थोरल्याच्या पाठीला बोलत होते. खोटारडा म्हटलं, बापाचं नाव घालवलंस म्हटलं, बहिणीच्या वाईटावर आहेस म्हटलं. एवढं बोलल्यावर दगडही म्हणाला असता, पुरे आई. हा ढिम्म. ब्लॉकचं खराब झालेलं भोक साफ करत बसला.

असला निगरगट्टपणा मी पाहिला नाही.

१५ तारीख, शनिवार

आज सून म्हणते, हे मी लिहिणार नाही. मी म्हटलं, शब्दाला शब्द ठरलंय. आता लिहितेय, पण कागद ओला करतेय. अक्षर विरघळलं तर पुन्हा सांगणार नाही.

दुपारी थोरला एकटाच खाली होता. सगळं बंद, शांत. मी माझ्या खुर्चीत. सून चहा घेऊन आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. म्हणाली, "चहा." तो ब्लॉकवर वाकलेला. "चहा आणलाय." काही नाही.

तिनं कप माझ्या हातात दिला. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता मजा येणार. आली.

ती त्याच्या पाठीला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी काय आणू विचारावं तसं, "मी चालले माहेरी. परत यायची नाही." तो घासत होता. "तुम्ही माणूस आहात की गाडीचा टायर? टायरसुद्धा फुटला की आवाज करतो." तो घासत होता. मी हसू दाबत होते. हातानं खूण केली, चालू दे. तिचा बांध फुटला. म्हणाली, लग्नात घातलेला तुमचा कोट बघून माझ्या मैत्रिणी अजून हसतात. म्हणाली, घोरता. म्हणाली, तुमच्या आईची जीभ कापून तुमच्या तोंडात बसवायला हवी, म्हणजे दोन माणसं सुधारतील. हे मला लागलं, पण बोलली छान.

तो घासत होता. तोंडानं काहीतरी गुणगुणतही होता.

मग ती बोलायची थांबली. माझंही हसू थांबलं. तिनं हळूच त्याच्या उजव्या कानामागे टाळी वाजवली. डाव्या कानामागे वाजवली. मग त्याच्या पाठीवर बोट ठेवलं, नुसतं बोट, आणि तो केवढ्यानं दचकला! पोलिसानं धरावा तसा.

"काय? कधी आलीस?"

सून खाली जमिनीवर बसली. ऑइलात बसली. मी चहा पिऊन टाकला, कारण काय करावं ते कळेना. तो तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं तर तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता. कधीपासून बघत असेल असा? मी तर त्याच्याशी नेहमी मागूनच बोलते.

मी म्हणत होते, तो ऐकत नाही. शब्द बरोबरच होता. अर्थ तेवढा मी माझ्या मनाचा घेतला होता.

१६ तारीख, रविवार

धाकटीला मी सांगितलं. वाटलं विरघळेल. कुठलं विरघळायचं! तडक त्याच्यासमोर उभी राहिली आणि हातवारे करून ओरडली, "कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आणि सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "कुणाला सांगू? आधी फोन गेला. मग मागून बोलणारी माणसं गेली. बोल्टचं कुईं बारीक झालं तेव्हा मला वाटलं, हल्लीचे बोल्टच मुके निघतात. म्हणून जास्त ओढायला लागलो. मग एक दिवस कळलं की बोल्ट ओरडतायत, मीच..." तो थांबला. "हट्टी म्हणतात तेवढं बरं आहे. हट्टी मेकॅनिककडे माणसं येतात. बहिऱ्याकडे कोण इंजिन टाकेल?"

"परवा मी ओरडत होते, तेही नाही ऐकलंस?"

"तू ओरडत होतीस ते दिसलं. पण तू सकाळपासून ओरडतच होतीस." मग म्हणाला, "तू म्हणालीस टक म्हणेपर्यंत थांबू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकायचं ठरवलं होतं. मी वाट बघत होतो. येईना, म्हणून ओढत राहिलो."

धाकटी म्हणाली, "मला तुझी दया येत नाही, दादा. भोंग्याची मुलं घरी बसलीयत. ज्या ज्या गाड्या तू बहिऱ्या हातांनी आवळल्यास त्या सगळ्या आता माझ्या डोळ्यांसमोर येतायत." आणि निघून गेली.

मला ती दुष्ट वाटली. सून म्हणाली, "त्या बरोबर बोलल्या." सुनेनं नणंदेची बाजू घेतली, हे या घरात पहिल्यांदाच. म्हणून लिहून ठेव.

२० तारीख, गुरुवार

लेथवाल्यानं ब्लॉकमध्ये नवे आटे बसवून दिले. जुन्या भोकात पोलादी गुंडाळी घालतात. धाकटीनं बोल्टही सगळे नवे आणले. जुने ताणले गेलेत म्हणाली, ताणलेला बोल्ट पुन्हा लावायचा नसतो.

भोंगा डब्यावर. म्हणाला, "आता कोण आवळणार तेवढं सांगा. बाकी मला काही नको."

थोरला बाजूला सरकला. गोटी काढून बहिणीपुढे धरली. म्हणाला, "तिला आवळू दे. किल्ली तिची." आणि जायला निघाला. त्याची पाठ जाताना पाहिली आणि मला पाठीला काही बोलवेना. शब्द होते पुष्कळ, पण ते कुठं पोचणार?

धाकटीनं दांडा हातात घेतला, ओढून पाहिला. पहिली फेरी ती करील, दुसरीही करील. शेवटच्या फेरीला जो जोर लागतो तो तिच्या खांद्यात नाही. कंपनीतही शेवटची फेरी दुसरा कुणी ओढायचा, हे मला तेव्हाच कळलं. तिनं कुणालाही, मला धरून, हे आजवर सांगितलं नव्हतं. ती दात खाऊन उभी राहिली. मग धावत जाऊन भावाच्या सदऱ्याला मागून धरलं आणि ओढत आणलं. "ओढ तू," तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली. "ऐकीन मी. टक झालं की चापट मारीन. चापट बसली की थांबायचं. नाही थांबलास तर पुढची कानाखाली."

"तिथं काही उपयोग नाही," तो म्हणाला.

भोंगा हसला आणि लगेच गप्प बसला.

कॉम्प्रेसर बंद. रेडिओ बंद. सुनेनं रस्त्याकडचं दार लोटलं. थोरल्यानं मधल्या बोल्टवर गोटी बसवली, धाकटी त्याच्या शेजारी वाकली, डावा तळवा पान्याच्या डोक्यावर, उजवा हात उगारलेला. टक. फाट! तो थांबला. पुढचा. टक. फाट! मधून बाहेर, डावा, उजवा, सगळे हलके. मग आकडा वाढवला. पुन्हा मधून. तिच्या चापटा काही गरजेपुरत्या नव्हत्या. लहानपणापासूनचं सगळं त्यात होतं. त्याचं मनगट लाल झालं. तो एकदाही चुकला नाही, एकदाही पुढं गेला नाही.

शेवटच्या फेरीला त्याच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. तिचे डोळे मिटलेले. नवरा असेच मिटायचा. शेवटचा बोल्ट. टक. फाट! आणि लगेच आणखी एक, फाट!

"दुसरी कशाची?" तो म्हणाला.

"ती बोल्टची नव्हती. माझी होती."

त्यानं हात चोळला. खोटं सांगणार नाही, दोघं हसली वगैरे नाहीत. ती हात धुवायला गेली तेव्हा तिला साबण त्यानं दिला नाही, आणि तिनं मागितलाही नाही.

२४ तारीख, सोमवार

भोंगा आला. त्याचा हॉर्न गल्लीच्या टोकापासूनच ऐकू आला. धूर नाही. धाकटीनं ऑइलचा दांडा ओढला, ऑइल ऑइलच होतं. पाणी पाण्याच्या जागी. भोंग्यानं चढावर चढवून आणली होती गाडी, पाच माणसं आणि त्यांच्या पेट्या घालून. आता तक्रार काय, तर डावा दरवाजा करकरतो. स्टँडवरच्या आणखी एकाला बरोबर घेऊन आला होता. त्याचं इंजिन तापतं.

मग किल्लीचा प्रश्न आला. मी सांगितलं होतं, ज्याचं हेड टिकेल त्याची. थोरला म्हणतो, हात माझा. धाकटी म्हणते, कान माझा, पाना माझा, आटे मी बसवून आणले. तो म्हणतो, तुझ्या कानानं बोल्ट फिरत नाही. ती म्हणते, तुझ्या हातानं टॅक्सी पुन्हा मेली असती. दोघं समोरासमोर उभी राहून ओरडत होती, कारण आता त्याच्याशी भांडायचं तर समोरच उभं राहावं लागतं आणि तोंड मोठं उघडावं लागतं. अख्खी गल्ली ऐकते. आमच्या घरचं भांडण इतकं स्वच्छ कधी ऐकू गेलं नव्हतं.

सून म्हणाली, बुधवारी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेणार. त्यानं नाही म्हटलं. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा सांगितलं, "बुधवारी." सासूसमोर नवऱ्याची हनुवटी! मी बघितलं. मी बघतेय हे तिनंही बघितलं. लिही.

मी निकाल दिला: किल्ली कुणालाच नाही. आंगठाही नाही. माझ्याच कमरेला राहील. सकाळी उघडायला दोघांनी मिळून माझ्याकडे यायचं. एकटा आला तर देणार नाही.

"आणि तू मेल्यावर?" धाकटी म्हणाली. लेक माझी.

"तेव्हा बघा. मला कुठं ऐकू येणार आहे?"

थोरल्याला कळलं नाही. बघत होता माझ्याकडे, पण मी खुर्चीतून, बाजूनं बोलले होते. मग उठले. गुडघे दुखतात, तरी उठले, तेवढं अंतर चालले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. इतक्या जवळून त्याला कधी पाहिलं होतं, आठवत नाही. भुवया पांढऱ्या होतायत त्याच्या. मला कुणी सांगितलं नाही.

मी तोंड चांगलं उघडून, एकेक शब्द तोडून म्हटलं, "तू. गाढव. आहेस."

तो म्हणाला, "हो. आलं ऐकू."